कण जागेवरच राहतो

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. ही तक्रार नव्हे. असता तरी उन्हाळ्यात तो आटला असता आणि त्याच्यासाठी टँकरचा ठराव घ्यावा लागला असता. पण पाठ्यपुस्तकं लिहिणारी मंडळी बहुधा किनाऱ्यावर राहत असावीत. अकरावीला तरंगांचा धडा निघाला की आधी समुद्र येतो आणि माझी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. त्यांनी पाणी म्हणून जास्तीत जास्त पाहिलेलं असतं ते माकणीचं धरण, तेही एसटीच्या खिडकीतून.

मग मी त्यांना वर्गाशेजारची ज्वारी दाखवतो. वारा आला की कणसांवरून लाट पळत या बांधापासून त्या बांधाला जाते. ज्वारी जाते का? नाही. ताट वाकतं, उठतं आणि आपल्या मुळावर उभं राहतं. यांत्रिक तरंग म्हणजे एवढंच. माध्यमातून ऊर्जा पुढं जाते, माध्यमाचा कण जागेवरच राहतो. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की झोपेत कूस बदलतानाही बोलतो, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. अर्थात मंडळी माझ्याबद्दल आणखीही बरंच काही म्हणतात.

तर असा मी सुखानं जागेवर असताना आमच्या मुख्याध्यापकांनी, सुरवसे सरांनी मला बोलावलं. सुरवसे सर फार घाबरट गृहस्थ. वरून काही कळलं की आधी पाणी पितात, मग बोलतात. त्या दिवशी त्यांनी अख्खा तांब्या संपवला.

"वाकुरे, समिती यायलीय," ते म्हणाले. "अकरावी-बारावीला प्रयोग खरंच होतात का, ते बघणार. न्हाई दिसलं तर विज्ञानाचा वर्ग बंद."

"मग पोरं?"

"धाराशिवला जातील. ज्यांच्या घरचे पाठवतील ती."

"आणि मी?"

सुरवसे सरांनी रिकाम्या तांब्यात डोकावून बघितलं. "तुमी अतिरिक्त."

ज्यांचा मास्तरकीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. अतिरिक्त म्हणजे, तुमची गरज उरलेली नाही पण तुम्हाला टाकूनही देता येत नाही. लग्नघरात उरलेल्या बुंदीचं जसं होतं तसं. मग जिथं जागा रिकामी असेल तिथं तुम्हाला धाडतात. आमचं गाव ढोकीच्या अंगाला, आणि जागा रिकामी होती पार परंड्याकडं, सोनारीच्याही पलीकडं. जिल्हा तोच, पण जिल्ह्याची दोन टोकं.

घरी येऊन मी हे दैवशालाला सांगितलं. दैवशाला म्हणजे आमच्या मंडळी. ती अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होती. या अंगणासाठी आम्ही घर बांधलं, बोअरला कसंबसं पाणी लागलं, आणि कढीपत्त्याची दोन रोपं जळून गेल्यावर हे तिसरं तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं.

"तुमी जावा," ती मागं न बघता म्हणाली. "म्या अन् कढीपत्ता हितंच ऱ्हातो."

मला जायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे. या वयात नव्या गावात खोली शोधायची, नवा दूधवाला लावायचा, आणि संध्याकाळी कुणाशी भांडायचं हा प्रश्न उरतोच. म्हणून मी ठरवलं की समितीला असा तरंग दाखवायचा की तिनं डोळे चोळत परत जावं.

तरंग दाखवायला लांब स्प्रिंग लागते. आमच्या प्रयोगशाळेत ती आहे, म्हणजे नोंदीत आहे. प्रत्यक्षात ती मुख्याध्यापकांच्या खोलीतला पडदा तोलून धरण्याचं काम करते. ती काढली तर पडदा पडणार, आणि पडद्यामागं मोडके बाक छतापर्यंत रचलेले आहेत. समितीला ते दिसण्यापेक्षा विज्ञान न दिसलेलं बरं, असं सुरवसे सरांचं मत पडलं. नवी घ्यायची तर तीन दुकानांची कोटेशनं हवीत. धाराशिवला असल्या वस्तूंचं दुकान एकच. मालक भला माणूस, तीन वेगवेगळ्या नावांनी लिहून देतो म्हणाला. फक्त स्प्रिंग त्याच्याकडं नव्हती.

"दोरी वापरा, वाकुरे," सुरवसे सर म्हणाले. "दोरीला कोटेशन लागत न्हाई."

मी घरची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी निवडली. एक टोक खिडकीच्या गजाला होतंच, दुसरं हातात घेतलं आणि झटका दिला. काहीच दिसलं नाही. हलक्या, ताठ दोरीतून लाट इतक्या वेगानं जाते की डोळ्याला सापडत नाही. जड आणि सैल दोरीत ती सावकाश जाते. हे मी दर वर्षी सूत्रासकट फळ्यावर लिहितो, पण घरी प्रयोग करताना आठवेल तो मास्तर कसला? मी दोरी सैल केली. तिच्यावर वाळत असलेल्या दैवशालाच्या दोन साड्या मातीत गेल्या. मग कण जागेवर राहतो हे दिसावं म्हणून दोरीच्या मध्यावर कपड्याचा एक लाल चिमटा लावला आणि जरा रागानंच झटका दिला.

चिमटा उडाला, कुंपणाच्या भिंतीवरून गेला आणि शेजारच्या ज्ञानोबांच्या चहात पडला.

ज्ञानोबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर लोकांना पुढं सरका म्हणून सांगितल्यामुळं दुसऱ्यानं काय करावं हे सांगायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं.

"काय ओ सर, ह्यो चिमटा तुमचा का?"

"माझाच. तो माध्यमाचा कण आहे."

"मग त्येला जाग्यावर ऱ्हा म्हणावं की. चहा गेला माझा."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण माणूस थकला की शेजाऱ्याशी बोलतो. जड दोर पाहिजे म्हटल्यावर ज्ञानोबा खुलले. आधी त्यांनी पाण्याचा पाइप सुचवला. मग ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉलीचा दोर. मग म्हणाले, तोही बारीकच. मग चिमटा बशीत वाळत ठेवला, आणि माझा सत्यानाश करणारं वाक्य बोलले.

"सर, रथाचा दोर आणा की."

आमच्या गावच्या भैरवनाथाचा चैत्रात रथ निघतो. त्याचा दोर मनगटाएवढा जाड, शाळेच्या फाटकापासून मैदानापलीकडच्या पिंपळापर्यंत लांब, आणि उचलायला माणसं लागतील एवढा जड. तरंगासाठी याहून उत्तम माध्यम जिल्ह्यात सापडलं नसतं. शास्त्र म्हणून कल्पना निर्दोष होती. माझी चूक एवढीच की मी तिच्याकडं शास्त्र म्हणून बघितलं.

देवस्थानचे पंच शिवशरण अप्पा. वय झालेलं, आवाज मात्र झालेला नाही. मी चपला बाहेर काढून पुढं बसलो.

"दोर पायजे? बरं. रथ कुठं न्यायलाव?"

"रथ नको, अप्पा. नुसता दोर."

"नुसता दोर वढून काय करताव?"

"ओढायचा नाही. हलवायचा."

अप्पा पुढं सरकून बसले. "आमच्या आज्याच्या आज्यापासनं ह्यो दोर वढायलाच हाय. हलवा म्हणून तुमाला सांगितलं कुणी?"

"अभ्यासक्रमात आहे."

या शब्दापुढं अप्पांचं काही चाललं नाही. त्यांनी अटींवर होकार दिला. दोर जमिनीला टेकता कामा नये. चप्पल घालून कुणी शिवायचं नाही. नारळ फुटल्याशिवाय सुरुवात नाही. आणि रथाच्या वेळी दोराला पहिला हात त्यांच्या घराण्याचा असतो, तो इथंही त्यांचाच. मी सगळ्याला हो म्हटलं. अडल्या मास्तराला नारळाचं काय!

दुसऱ्या सकाळी सरपंच जगदेवीताई आमच्या दारात उभ्या. गावाला नळ आणणारी बाई. तिच्यापुढं तालुक्याचे साहेबसुद्धा उभं राहून बोलतात.

"सर, एक टोक अप्पाला दिलाव म्हणं. मग दुसरं कुणाला?"

दुसरं टोक मी शाळेच्या लिंबाला बांधणार होतो. तसं सांगितलं.

"झाडाला मान, अन् सरपंचाला न्हाई?"

त्या दुपारी सुरवसे सरांच्या खोलीत बैठक बसली. मी समजावलं की दोराची दोन्ही टोकं सारखीच. लाट कुठूनही सोडता येते. ते कुणालाच पटलं नाही. दोराला तोंड असतं आणि शेपूट असतं, असं अप्पांचं म्हणणं. शेवटी मी म्हणालो, अप्पांनी लाट सोडायची आणि ताईंनी दुसरं टोक घट्ट धरायचं, म्हणजे लाट त्यांच्याकडून परत येईल. ताईंना ते आवडलं. इथं मी थांबायला हवं होतं. पण शिकवायची खोड वाईट. मी पुढं म्हणालो, "घट्ट धरलेल्या टोकावरून लाट उलटी होऊन येते. जाताना उंचवटा, येताना खळगा."

"म्हंजे हेनी सरळ धाडणार, अन् म्या उलटं करून परत देणार?" ताई म्हणाल्या.

"आता बोललाव बघा खरं," अप्पा म्हणाले.

पुढचं मी लिहीत नाही. सुरवसे सरांनी दुसरा तांब्या मागवला. अखेर ठरलं की आधी अप्पा सोडतील, ताईंकडून उलटी येईल. मग ताई सोडतील आणि अप्पांकडून उलटी येईल. गावाचा समतोल राखण्यासाठी निसर्गाचा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच लागू आहे, हे मला त्या दिवशी फार सोयीचं वाटलं.

समितीचा दिवस उजाडला. मी साधा प्रयोग ठरवला होता: एक दोर, दोन माणसं, वर्गातली पोरं आणि समिती. शाळेच्या मैदानावर बघतो तर अर्धं गाव. ज्ञानोबांनी हलगीवाले बोलावले होते. "साहेब लोक यायलेत अन् हलगी न्हाई?" हे त्यांचं स्पष्टीकरण. बायका ओवाळायचं ताट घेऊन आल्या होत्या. सत्काराच्या टेबलावर शाली आणि नारळ होते, आणि माझा प्रयोग मांडायला जागा नव्हती.

खरी अडचण मग ध्यानात आली. दोर जमिनीला टेकवायचा नाही. एवढा जड दोर दोन टोकांवर अधांतरी राहणार कसा? मग अप्पांच्या आज्ञेनं गाव ओळीनं उभं राहिलं, पायताणं काढून, आणि प्रत्येकानं दोर हातात घेतला. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी पळत ओरडत होतो, "धरू नका! तळहातावर नुसता ठेवा! धरलात तर लाट मरेल!" मैदानात सराट्याचे काटे होते हेही नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात समितीची गाडी आली. समितीच्या प्रमुख मॅडम उतरल्या, शांत चेहऱ्याच्या, चष्म्यातून सगळं बघणाऱ्या. नारळ फुटला. हलगी कडाडली. आणि ओळीतून कुणीतरी भक्तिभावानं ओरडलं, "भैरवनाथाच्या नावानं..."

"चांगभलं!" गाव म्हणालं, आणि ओढलं.

यात कुणाचाही दोष नाही. आमच्याकडं माणसाच्या हातात जाड दोर असला, हलगी वाजली आणि चांगभलं झालं की त्याचे हात ओढतात. त्याला विचारत बसत नाहीत. पण जत्रेत सगळे एकाच दिशेनं ओढतात आणि मागं रथ असतो. इथं रथ नव्हता, म्होरके मात्र दोन होते. निम्मं गाव अप्पांकडं ओढू लागलं, निम्मं ताईंकडं. सुरुवातीला तो भक्तिभाव होता. थोड्या वेळानं ती ग्रामपंचायतीची निवडणूक झाली.

मी मध्यभागी होतो. दोर थांबवावा म्हणून मी त्याच्यावर पोट टाकलं, त्याच वेळी तो ताठ झाला, आणि मी जमिनीपासून सुटलो. घरच्या दोरीवर साडी लोंबते तसा मी दोन्हीकडं लोंबत होतो. ताण वाढला की तरंगाचा वेग वाढतो, हे मला नेमकं तेव्हा आठवलं, पण सांगायला श्वास नव्हता. मग अप्पांच्या बाजूचे जरा ढिले पडले आणि मी सत्काराच्या टेबलावर आलो. शाली मऊ असतात. नारळ नसतात.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "सर, ही लाट आहे का?"

"नाही, मॅडम," मी टेबलावरूनच म्हणालो. "ही पूर्वतयारी."

मला तिथं परंड्याची एसटी स्पष्ट दिसली. दैवशाला ओवाळायचं ताट घेऊन बायकांत उभी होती. ती हसत नव्हती. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तिच्यात काळजी होती, आणि त्या काळजीनं मला जास्त खचवलं. वर्ग गेला, असं मी मनात म्हणून टाकलं. मग टेबलावरून उतरलो आणि ओरडलो नाही, विनवलं नाही. इतका थकलो होतो की नुसतं म्हणालो, "राहू द्या आता. सोडा."

हलगी थांबली. गावही दमलं होतं. कुणी ओढत नव्हतं. पण जमिनीला टेकवायचा नाही म्हणून दोर टाकलाही नव्हता. तो सगळ्यांच्या थकल्या तळहातांवर नुसता पडून होता. सकाळपासून घसा फोडून मी जे मागत होतो, ते लोकांना दमल्यावर आपोआप जमलं.

अप्पा मात्र संतापलेले. "घ्या तुमचा दोर!" असं म्हणून त्यांनी टोकाला एक जोराचा हिसका दिला.

दोरात उंचवटा उठला आणि निघाला. सावकाश, अंग घुसळत. ज्याच्यापाशी येईल त्याचे हात वर उचलायचा आणि पुढं जायचा, मागचे हात खाली बसायचे. हात वर, हात खाली, एकामागून एक, पार ओळीच्या शेवटापर्यंत. कुणी जागचं हललं नाही. जगदेवीताईंनी टोक घट्ट धरलेलं होतं. तिथं तो पोचला आणि उलटा होऊन फिरला. आता तेच हात एकामागून एक खाली दाबले जात आले, आणि शेवटी अप्पांच्या मुठीला खालून हिसका बसला.

अप्पा आपल्या हाताकडं बघत होते.

"आला की ओ उलटा!" ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

ओळीच्या मध्यावर तुळजाबाई उभ्या होत्या. त्यांची नात निकिता अकरावीला, आणि वर्ग बंद झाला तर तिला धाराशिवला धाडणार नाही, असं घरात ठरलेलं होतं. मॅडमनी त्यांना विचारलं, "आजी, काय गेलं तुमच्या हातातून?"

"कायतरी गेलं बया. जगदेवीकडं गेलं, अन् माघारी आलं."

"आणि तुम्ही? तुम्ही किती पुढं गेलात?"

"म्या कशाला पुढं जाती? म्या हाय तिथंच हाय. हात तेवढा वर जाऊन आला."

खरं सांगतो, इतकी वर्षं मी ते वाक्य म्हणत होतो, आणि पोरं परीक्षेत ते लिहून देत होती; पण स्वतः हातात धरून बघून कुणी मला ते परत सांगितलं नव्हतं. मी तोंड फिरवून हलगीवाल्याकडं बघत राहिलो. त्याला वाटलं मी वाजव म्हणतोय. त्यानं वाजवली. पण या वेळी कुणी ओढलं नाही. सगळे ओरडू लागले, "आता ताईंची सोडा! ताईंची!" पुढं किती लाटा गेल्या आणि आल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही. सुरवसे सरसुद्धा पाणी प्यायचं विसरून ओळीत उभे राहिले होते.

सत्काराच्या वेळी मॅडम बोलायला उठल्या. वर्ग चालू राहील, त्या म्हणाल्या. निकिता आणि तिच्या मैत्रिणींनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. दैवशालानं ताट खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले, मग माझं लक्ष आहे हे बघून नाकच पुसल्यासारखं केलं. मी अतिरिक्त नव्हतो. मी माझ्या जागेवर होतो. अंगावर शाल होती, पायात काटे होते आणि जगात मला आणखी काही नको होतं.

पण मॅडम खाली बसल्या नाहीत. इतका सुंदर प्रयोग एकाच गावात राहणं योग्य नाही, त्या म्हणाल्या. तो जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून वाकुरे सरांची वर्षभरासाठी प्रतिनियुक्ती करण्यात येईल. तोवर इथले तास दुसरे शिक्षक घेतील. सर हाच दोर घेऊन गावोगाव, तालुक्या-तालुक्यात जातील. सुरुवात परंड्याकडून. सोनारीच्या पलीकडं एक जागा तशीही रिकामी आहे, तर मुक्काम तिथंच ठेवावा.

टाळ्या पुन्हा वाजल्या. माझ्यापेक्षा अप्पांना जास्त वाजल्या, कारण पहिला हात त्यांचा असल्यामुळं दोरासोबत तेही येणार, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं होतं. त्यावर दुसरं टोक रिकामं सोडणार नाही, असं जगदेवीताईंनीही सांगून टाकलं.

जायच्या दिवशी सकाळी ज्ञानोबांनी भिंतीवरून मला लाल चिमटा परत दिला. "सर, ह्यो घेऊन जावा. तिथं कामाला येईल." मी तो खिशात टाकला आणि अंगणात आलो. दैवशालानं माझी पिशवी भरून ठेवली होती. शेंगदाण्याची चटणी, काट्यांवर लावायचं मलम आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली कढीपत्त्याची पानं. माझ्याकडं पाठ करून ती झाडाला पाणी घालत होती.

"येतो," मी म्हणालो.

"या."

मी दारात घुटमळलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण इतकी वर्षं शिकवून ऐन वेळी मला एकच वाक्य आठवलं आणि ते माझ्यावरच उलटलं होतं. "कण जागेवरच राहतो, असं मी उगीच सांगत आलो बघ."

"उगं कामून?" ती म्हणाली. तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं मुळाशी ओतलं आणि झाडाला टेकून उभी राहिली. "ऱ्हायलाय की कण. म्या हितंच हाय."